शर्यत सोडून टीम चालवायला घेताय? बेळगाव-सीमाभागातल्या सायकलपटूंसाठी पहिल्या दोन वर्षांचा क्रम

दर वर्षी हंगाम संपत आला की एक-दोन फोन येतातच. "दादा, आपली रेस बंद. आता टीम काढतोय. जर्सी छापायला टाकली बघा." मग मी विचारतो, स्पेअर व्हील किती जोड आहेत? पोरांची शर्यतीची लायसन्सं कुठल्या राज्याची? पैसे कुणाच्या खात्यात येणार? पलीकडे शांतता. जर्सी मात्र छान आलेली असते.

आठ-दहा वर्षं शर्यती मारलेल्या माणसाला वाटतं, सायकल कळते म्हणजे टीमही कळेल. घोळ होतो तो क्रमात. रायडरला अडचण शर्यतीत भेटते आणि तो ती पायांनी सोडवतो. गॅप पडली, जोर लावला, भरून काढली. गाडीत बसलेल्या मॅनेजरला पेडलच नसतं. त्याने तीच अडचण आदल्या रात्री, आदल्या आठवड्यात, कधी कधी आदल्या डिसेंबरात सोडवून ठेवायची असते. खालचे टप्पे त्या हिशेबाने लावलेत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्यांसाठी मुद्दाम लिहितोय, कारण आपल्याकडे राज्याची सीमा, कन्नड कागद आणि उसाच्या ट्रॉल्या या गोष्टी टीमच्या वहीत शिरतात. पुण्या-मुंबईकडून मिळणाऱ्या सल्ल्यात त्या नसतात.

टप्पा १: आधी स्वतःची शर्यत खरोखर बंद करा

"यंदा थोडी रेस, थोडी टीम" हा बेत सगळेच करतात. मीही केला. पहिल्याच वर्षी एका शर्यतीत मी पुढे निसटलेल्या पाच जणांच्या गटात, म्हणजे ब्रेकमध्ये, होतो आणि मागे माझ्याच टीमच्या पोराचं मागचं चाक पंक्चर झालं. स्पेअर चाकं क्रूझरमध्ये, क्रूझर कुलूपबंद, आणि किल्ली माझ्या जर्सीच्या मागच्या खिशात. पोरगं रस्त्याच्या कडेला उभं राहिलं आणि मी चौथा आलो. त्या चौथ्या नंबरबद्दल घरात आजही कुणी काही बोलत नाही.

करायचं ते असं. ज्या राज्य संघटनेकडून खेळता, तिला लेखी कळवा की या तारखेपासून शर्यत बंद. लायसन्स ३१ डिसेंबरला संपतं, त्यामुळे वर्षअखेर हाच सोयीचा मुहूर्त. पुढच्या वर्षी रायडरऐवजी स्टाफचं लायसन्स मागा. तुमचं नाव डोपिंग चाचणीच्या नोंदणीकृत यादीत असेल तर निवृत्तीचं पत्र नाडालाही, म्हणजे देशाच्या डोपिंगविरोधी संस्थेलाही, गेलंच पाहिजे. त्या यादीतला खेळाडू निवृत्त होऊन परत येऊ म्हणाला, तर त्याला सहा महिने आधी लेखी कळवून चाचणीसाठी हजर राहावं लागतं. म्हणजे "बघू, जमलं तर एप्रिलमध्ये परत उतरू" असली पळवाट ठेवूच नका.

सायकल सोडू नका, पण सरावात पोरांशी चढाओढही करू नका. जांबोटीच्या चढावर सतरा वर्षांच्या पोराला मागे टाकायची खुमखुमी नव्या मॅनेजरला हमखास येते. त्या दिवशी त्या पोराचं काम हलक्या गिअरवर दोन तास फिरणं एवढंच असतं. तुमच्या खुमखुमीत त्याचा आठवडा जातो.

*तपासा:* येत्या वर्षाच्या एकाही शर्यतीच्या स्टार्ट लिस्टमध्ये तुमचं नाव नाही ना? असेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा २: एक हंगाम दुसऱ्याच्या गाडीत बसा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. एखाद्या टीमला, जिल्हा संघाला किंवा राज्य संघाला जाऊन सांगा, फुकट काम करतो, काय द्याल ते द्या. बाटल्या भरा, चाकं बदला, टेम्पो चालवा, पोरांचे पाय चोळा. प्रत्येक कामाच्या निदान दोन शर्यती करा.

या काळात तीन गोष्टी मुद्दाम बघायच्या. पहिली, शर्यतीच्या आदल्या दिवशीची मॅनेजर मीटिंग. रायडर असताना तुम्ही त्या वेळी खोलीवर पाय वर करून पडलेले होता. नंबर, लायसन्स तपासणी, गाड्यांचा क्रम, फीड झोन (खाणं-पाणी द्यायची जागा), वेळेची मर्यादा, हे सगळं तिथे ठरतं. दुसरी, ताफ्यात गाडी चालवणं. बंचच्या, म्हणजे रायडरांच्या मुख्य घोळक्याच्या, मागे गाड्या एकमेकींना चिकटून चालतात. कमिसेरची, म्हणजे शर्यतीच्या पंचाची, परवानगी घेतल्याशिवाय कुणाला ओलांडून पुढे जाता येत नाही, आणि पंक्चर झालेले रायडर मधूनच परत वर येत असतात. घाटात ट्रक चालवलेल्यालाही हे आपोआप येत नाही. तिसरी गोष्ट हिशेब. दिवसाला किती केळी, किती पाणी, किती डिझेल, खोलीचे किती, ते त्यांच्या वहीतून उतरवून घ्या. तुमचं पहिलं बजेट त्यावरच बसणार आहे.

शिक्षणाचं थोडक्यात. पटियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रशिक्षक अभ्यासक्रम करून ठेवा, राज्य संघासोबत जायचं तर तो कागद विचारतात. स्वित्झर्लंडमधल्या एगलला यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेचं केंद्र आहे आणि तिथे स्पोर्ट्स डायरेक्टरचं प्रशिक्षण होतं, पण ते वरच्या दर्जाच्या टीमसाठी. त्याची घाई नको. त्याआधी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्या.

आणि कन्नड. बसची पाटी वाचण्याइतकं पुरत नाही. पोलीस ठाणं, क्रीडा खातं, बांधकाम खातं इथली पत्रं कन्नडमध्ये गेली की लवकर हलतात, हा अनुभव आहे. यात मान-अपमानाचा प्रश्न आणू नका, पोरांचं काम अडतं. स्वतःला येत नसेल तर कन्नड लिहिणारा एक माणूस पहिल्या दिवसापासून टीममध्ये घ्या.

टप्पा ३: कुठलं पोर कुठल्या राज्याचं, ते आधी मिटवा

कुद्रेमानी बेळगाव तालुक्यात, शिनोळी चंदगड तालुक्यात. एक कर्नाटक, दुसरं महाराष्ट्र, मध्ये शेतं तेवढी. दोन्हीकडची पोरं रोज एकाच रस्त्याला सराव करतात, एकाच पंक्चरवाल्याकडे थांबतात. पण राज्य संघाच्या निवडीला ती एकमेकांविरुद्ध उतरतात. सराव एकत्र करायला कुणाची हरकत नाही. नोंदणी मात्र एका रायडरची एकाच राज्यात.

नेहमीची चूक अशी. पोर राहतं खानापुरात, आधार कार्ड चंदगडच्या मामाच्या पत्त्यावर. कर्नाटकच्या निवडीत नंबर लागला नाही म्हणून महिनाभराने महाराष्ट्राच्या निवडीला पाठवलं. त्या दिवशी चालून जातं. कुणीतरी हरकत घेतली की दोन्हीकडचा निकाल जातो आणि पोराच्या नावापुढे शेरा बसतो. राज्य बदलायचंच असेल तर जुन्या संघटनेचा ना-हरकत दाखला घ्या आणि बदल हंगामाच्या मधे न करता वर्षाच्या सुरुवातीला करा.

वयोगटातही असंच फसतात. यूसीआयच्या नियमात वाढदिवस मोजत नाहीत, साल मोजतात. शर्यतीच्या सालातून जन्मसाल वजा करायचं. १७ आणि १८ म्हणजे ज्युनिअर, १९ ते २२ म्हणजे तेवीस वर्षांखालील, २३ पासून पुढे एलिट. डिसेंबर २००७ मध्ये जन्मलेला मुलगा १ जानेवारी २०२६ ला ज्युनिअर राहिला नाही, जरी त्याला अठरा पूर्ण होऊन महिनाही झाला नसला तरी. त्याहून लहान गटांची विभागणी प्रत्येक स्पर्धेच्या टेक्निकल गाईडमध्ये (नियमांच्या पुस्तिकेत) बघा.

नावाचं स्पेलिंग हे सीमाभागातलं जुनं दुखणं. एकाच पोराचं नाव शाळेच्या दाखल्यावर एक, कर्नाटकच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आद्याक्षरं मागे-पुढे झालेलं दुसरं, आधारवर तिसरं. शर्यतीला काही फरक पडत नाही. पण पुढे रेल्वेत किंवा सैन्यदलात क्रीडा कोट्यातून अर्ज करताना प्रमाणपत्र आणि दहावीचा दाखला जुळला नाही की फाईल अडकते. पहिल्याच महिन्यात तिन्ही कागद शेजारी ठेवा आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर असेल तेच नाव लायसन्सवर घ्या. यूसीआय आयडी अकरा आकडी असतो, तो तुमच्या वहीत आणि पोराच्या आई-वडिलांच्या फोनमध्ये, दोन्हीकडे हवा.

*सावध:* जन्मतारखेत फेरफार केलेला दाखला घेऊन पालक आले तर "नंतर बघू" म्हणू नका. त्याच दिवशी नाही म्हणा. तुम्ही सही केलेल्या अर्जाला तुम्हीही जबाबदार असता.

टप्पा ४: संस्था, खातं, मग प्रायोजक

उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीच्या मालकाशी तुमची ओळख असते. तो हौशी असतो, "किती पाहिजेत सांग" म्हणतो. आणि तुम्ही स्वतःचा यूपीआय नंबर देता. इथून पुढचं भांडण ठरलेलं.

आधी संस्था नोंदवा. कर्नाटकात १९६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली निदान सात सभासद लागतात. सातही तुमचे मित्र नकोत. त्यात एक हिशेब कळणारा, एक पालक आणि मुली असतील तर एक स्त्री असलीच पाहिजे. खातं संस्थेच्या नावे, दोन सह्यांचं. मग प्रायोजक.

प्रायोजकाकडे जाताना सीएसआर (कंपन्यांनी कायद्याने समाजकामावर करायचा खर्च) आणि जाहिरात यांची गल्लत करू नका. ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण सीएसआरमध्ये बसतं. पण जर्सीवर लोगो लावून नाव मिळवण्यासाठी दिलेला पैसा प्रायोजकत्व, तो सीएसआर धरत नाहीत. शिवाय सीएसआर सगळ्या कंपन्यांना लागूही नाही. वर्षाला पाच कोटी निव्वळ नफा, हजार कोटींची उलाढाल किंवा पाचशे कोटींची नक्त मालमत्ता, यातलं एक तरी असावं लागतं. आपल्या ओळखीचे बहुतेक कारखानदार त्यात येत नाहीत. त्यांना सरळ जाहिरातीचा हिशेब मांडा. जर्सीवर जागा कुठे, गाडीवर कुठे, वर्षात किती शर्यती. जे देणार ते लिहून द्या.

बजेट वरून खाली करू नका, म्हणजे "दोन लाख मिळाले, काय काय करू" असं नाही. शर्यतीच्या एका दिवसाचा खर्च काढा, त्याला दिवसांनी गुणा, मग वर्षभराची झीज मिळवा. साखळ्या, टायर, ब्रेक पॅड, बार टेप. खानापूरकडची तांबडी माती पावसात साखळी किती लवकर खाते हे तुम्हाला माहीतच आहे. पोरांच्या साखळ्याही तशाच झिजतात, आणि आता पैसे तुमचे जाणार.

बक्षिसाच्या रकमेची वाटणी पहिली शर्यत व्हायच्या आधी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. जिंकणाऱ्याला किती, मदत करणाऱ्यांना किती, मेकॅनिकला किती. हे शर्यत जिंकल्यावर ठरवायला बसलात तर टीम त्याच संध्याकाळी फुटते.

टप्पा ५: रायडर कमी घ्या, पालकांना जास्त वेळ द्या

पहिल्या वर्षी सहा. बारा नाही. सहा जणांची चाकं, जेवण, औषधं आणि रडगाणी एक माणूस सांभाळू शकतो.

नुसत्या टाइम ट्रायलवर, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्ध मारलेल्या शर्यतीवर, निवड करू नका. सपाट रस्त्यावर वीस किलोमीटर जोरात जाणारी पोरं आपल्याकडे भरपूर. विजापूर-बागलकोटकडची पोरं वाऱ्यात सायकल धरायला लहानपणापासून शिकलेली असतात, त्यांच्यासमोर नुसत्या दमावर काही होत नाही. तुमच्या निवडीत एक दिवस बंचमध्ये चालवायचा ठेवा. चढावर पुढच्याचं चाक कोण सोडतं, वळणावर ब्रेक कोण उगाच दाबतं, बाटली दुसऱ्याला कोण देतं, हे बघा. या शेवटच्या गोष्टीकडे जास्त लक्ष.

मग घरी जा. हो, घरी. "काय गा, पोराला नोकरी लागंल काय ह्यातनं?" हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत येतो. खोटं सांगू नका. रेल्वे, सैन्यदलं क्रीडा कोट्यातून सायकलपटू घेतात, पण राष्ट्रीय स्पर्धेतली कामगिरी आणि ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी राष्ट्रीय स्पर्धेचं ते फॉर्म-२ मध्ये असतं. कामगिरी पोराने करायची, फॉर्मवर योग्य माणसाची सही आणणं तुमचं काम, एवढं स्पष्ट बोला.

अठराच्या आतल्या प्रत्येकाच्या पालकांचं लेखी संमतीपत्र, रक्तगट, ॲलर्जी आणि चालू औषधं एका पानावर घ्या आणि ते पान गाडीत ठेवा. मुक्कामात मोठा माणूस आणि अल्पवयीन रायडर एका खोलीत नको, मुली असतील तर सोबत स्त्री कर्मचारी हवीच. मसाज दार उघडं ठेवून, दुसरा माणूस हजर असताना. पोक्सो कायदा २०१२ पासून आहे. नियम लिहून भिंतीला लावा, म्हणजे कुणाला विचित्र वाटत नाही.

टप्पा ६: औषधं. हा टप्पा दोनदा वाचा

आपल्या भागात पोर दमलं की गावातल्या डॉक्टरकडे नेतात आणि डॉक्टर सलाईन लावतात. माया असते त्यात. पण बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त सलाईन शिरेतून देणं खेळाडूला बंद आहे, शर्यत असो वा नसो, आणि सलाईनमध्ये नुसतं मीठ-पाणी असलं तरी. रुग्णालयातल्या खऱ्या उपचारासाठी किंवा शस्त्रक्रियेसाठी दिलेलं चालतं. "जरा तरतरी यावी म्हणून" अर्धी बाटली चालत नाही.

दुसरं, ताप-अंगदुखीवर सर्रास दिलं जाणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन. डेक्सामेथासोनसारख्या औषधांची इंजेक्शनं स्पर्धाकाळात बंदीच्या यादीत आहेत आणि त्यांचा अंश शरीरात नंतरही काही दिवस, काही औषधांचा काही आठवडे राहतो. म्हणून शर्यतीच्या आधीच्या आठवड्यातलं इंजेक्शनही अंगाशी येतं. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी २०२४ पासून स्पर्धाकाळात बंद. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, तेही तपासूनच. दम्याचा साल्ब्युटामॉल पंप चालतो, पण चोवीस तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही आठ तासांत ६०० ची मर्यादा आहे. त्या पोराच्या वहीत तो किती वेळा ओढला हे लिहायला लावा.

आणि तालमीत, जिममध्ये फिरणारी छोटी बाटली. मेफेंटरमाइन, बंदी असलेलं उत्तेजक. त्याबद्दल एवढंच सांगतो, ते ज्याच्या बॅगेत सापडेल तो त्याच संध्याकाळी घरी.

पद्धत अशी ठेवा. पोराने औषध घेण्याआधी गोळीच्या पाकिटाचा फोटो तुम्हाला पाठवायचा. तुम्ही घटकाचं नाव नाडाच्या 'नो युवर मेडिसिन'वर बघायचं, ब्रँडचं नाव बघून भागत नाही. लागलंच तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज आधी करायचा. बंदीची यादी दर १ जानेवारीला बदलते, म्हणून गेल्या वर्षीचा कागद फाडून टाका. डब्यातली प्रोटीन पावडर कुणाच्या सांगण्यावरून आणली तरी चाचणीत सापडलं की जबाबदारी रायडरचीच धरतात. शेंगदाणे, दूध, अंडी, भात-आमटी यांनी माझी पोरं वाढली, मला पावडरची गरज कधी पटली नाही.

*तपासा:* पोराच्या गावातल्या डॉक्टरांना भेटून एक चिठ्ठी दिलीय का? "हा नोंदणीकृत खेळाडू आहे, सलाईन वा इंजेक्शन देण्याआधी मला फोन करा" एवढीच. कन्नड आणि मराठी दोन्हीत.

टप्पा ७: चाकांचा तक्ता आणि गाडी

सहा पोरं सहा ठिकाणांहून सायकली आणतात. दोघांच्या रिम ब्रेकच्या, क्विक रिलीजवाल्या. चौघांच्या डिस्क ब्रेकच्या, थ्रू ॲक्सलच्या. त्यातही मागे कुणाची डिस्क १४० मिलिमीटरची, कुणाची १६० ची. कॅसेट कुणाची अकरा गिअरची, कुणाची बारा. आणि नवा मॅनेजर म्हणतो, "स्पेअर चाकं आहेत की तीन जोड." आहेत, पण कुणाला बसतात?

जानेवारीत एका कार्डशीटवर तक्ता करा. रायडरचं नाव, ब्रेकचा प्रकार, ॲक्सल, डिस्कचा आकार, किती गिअर, सीटची उंची, पेडलचा प्रकार. प्रत्येक स्पेअर चाक प्रत्येक सायकलला प्रत्यक्ष बसवून बघा, फिरवा, ब्रेक दाबा, सगळे गिअर पाडा. बसलं तर चाकावर त्या रायडरच्या रंगाची टेप लावा. घाईत मेकॅनिक नाव वाचत नाही, रंग बघतो. शक्य असेल तर पुढच्या वर्षी सगळ्यांना एकाच प्रकारच्या ब्रेक-ॲक्सल-गिअरच्या सायकली घ्या. महागड्या फ्रेमपेक्षा या एकसारखेपणाचा उपयोग जास्त. यूसीआयची वजनाची खालची मर्यादा ६.८ किलो आहे, आपल्या पोरांच्या सायकली त्याहून जडच असतात, ती काळजी नको.

गाडी भाड्याने घेताना पांढऱ्या पाटीची मित्राची गाडी "डिझेल टाक, ने" म्हणून मिळते. अपघात झाला आणि गाडी भाड्याने फिरत होती असं निघालं तर विम्याचं भांडण उभं राहतं. पिवळ्या पाटीची घ्या आणि महाराष्ट्र किंवा गोव्यात जायचं असेल तर परमिटचं काम आदल्या दिवशी उरका. सायकली छतावर असतील तर स्टिअरिंगवर चिठ्ठी चिकटवा: "वर सायकली". पेट्रोल पंपाच्या छपराखाली आणि रेल्वेच्या पुलाखाली फ्रेम मोडलेल्या मी पाहिल्यात.

टप्पा ८: शर्यतीचा आठवडा

सहा दिवस आधी रस्ता बघायला जा. शक्यतो सायकलवर नाही, गाडीतून, हातात वही घेऊन. हंप कुठे, त्यातले न रंगवलेले कुठे, शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये वळणं किती, वारा कुठल्या बाजूने येईल, शेतं मोकळी आहेत की ऊस उभा आहे. ऊस उभा असला की वारा अडतो, तोडणी झाली की तोच रस्ता उघडा पडतो. दोन आठवड्यांपूर्वी केलेली टिपणं त्यामुळे कामाची राहत नाहीत.

गळीत हंगामात निपाणी-संकेश्वर-चिकोडी बाजूला सराव अंधार पडायच्या आत संपवा. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागून दिसतच नाही, दिवा नसतो. सकाळी रस्त्यावर उसाचं पाचट आणि शेतातून आलेला चिखल, त्यावर दंव. वळणावर सायकल आडवी. महामार्गावरचा सुतगट्टी आणि तवंदीचा घाट सरावासाठी वापरूच नका. कणकुंबी-चोर्ल्याकडे पावसाळ्यात धुकं आणि उतारावर ओलं शेवाळ असतं, तेवढे महिने घरातच रोलरवर सराव.

प्रवासाची तारीख ठरवताना कॅलेंडरवर आणखी दोन खुणा करा. १ नोव्हेंबरच्या आसपास राज्योत्सव आणि काळा दिन दोन्ही असतात, तेव्हा बसवर विसंबून राहू नका. सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या एसटी थांबतात हे आपल्याला नवीन नाही. कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बेळगावात भरलं की हलग्याजवळ महामार्गावर मोर्चे आणि बंदोबस्त. अशा वेळी एक दिवस आधी निघा.

खाण्याचा हिशेब डोळ्यांनी करू नका. सहा रायडर, साडेतीन तासांची शर्यत, तासाला अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या, म्हणजे ४२. त्यातल्या बारा बाटल्या सायकलींवरच आहेत. उरलेल्या तीस गाडीत आणि फीड झोनमध्ये हव्यात. मी पहिल्यांदा दहा नेल्या होत्या. कर्बोदकं तासाला साठ ग्रॅमपासून सुरू करा. मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम धरा, बाकी चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, गुळाचं पाणी. शर्यतीत खायचं ते सरावात आधी खाल्लेलं हवं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं ओतलं की पोट बिघडतं, आणि ही चूक मी दर वर्षी कुणाच्या तरी हातून होताना बघतो.

टप्पा ९: शर्यतीचा दिवस

गाडी तुम्ही चालवू नका. चालक वेगळा, मेकॅनिक मागे डाव्या दाराजवळ, तुम्ही पुढे वही घेऊन.

सकाळी पोरांना तीनच गोष्टी सांगा. आज कुणासाठी चालवायचं, पहिला धोका कुठे, आणि बंचमध्ये निर्णय कुणाचा. हा शेवटचा मुद्दा नवे मॅनेजर विसरतात. कानात रेडिओ असेल असं धरून बेत करू नका, जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतही तो चालत नाही. रस्त्यावर एक कॅप्टन असलाच पाहिजे, आणि त्याचं ऐकायचं हे सकाळी सगळ्यांसमोर बोललं गेलं पाहिजे. खुणाही ठरवा, आणि शब्द एकाच भाषेत ठेवा. आमच्यात मराठी, कन्नड आणि गोव्याकडचं एक कोकणी पोर आहे. "बिडू" म्हणजे कन्नडमध्ये सोड. एकाला ते कळलं, दुसऱ्याला नाही, आणि गॅप पडली.

पंक्चर झालं की रायडरने हात वर करून डाव्या कडेला, बंचच्या मागे यायचं. मधेच थांबायचं नाही. मागचं चाक असेल तर थांबण्याआधी साखळी लहान दातऱ्यावर टाकायची, तेवढ्याने चाक लवकर निघतं. चाक बसल्यावर मेकॅनिकने धक्का द्यायचा, पण गाडीला धरून किंवा बाटली हातात घट्ट पकडून ओढत न्यायचं नाही. कमिसेर बघत असतो, दंड बसतो, आणि तो तुमच्या पोराच्या निकालावर बसतो.

फीड झोनमध्ये माणसं एकमेकांपासून अंतर ठेवून, एकाच बाजूला. बाटली वरच्या टोकाला दोन बोटांत सैल धरायची. मुठीत धरली तर रायडरचा हात मागे ओढला जातो.

खिडकीतून ओरडण्याबद्दल. "मार, मार, मार!" याने काही होत नाही. पोर आधीच मारत असतं. त्याला सांगायचं ते आकड्यांत. पुढे किती जण, अंतर किती, किती किलोमीटर उरले. तोंडातून दुसरं काही निघणार असेल तर काच वर करा.

*सावध, पडझड झाली तर:* आधी मागून येणाऱ्या गाड्या थांबवा. डोक्याला मार लागला असेल तर पोराला विचारा, आत्ता आपण कुठल्या गावात आहोत, शर्यत किती किलोमीटरची आहे? उत्तराला अडखळला, डोळे शून्यात, उलटीची भावना, तर त्याची शर्यत तिथे संपली. तो "चालतंय दादा" म्हणेल. तुम्हीही रायडर असताना म्हणाला होता. १०८ ला फोन करा. त्याच्यासोबत कोण थांबणार आणि ताफ्यासोबत कोण जाणार हे सकाळीच ठरलेलं असावं, आणि आई-वडिलांना फोन तुम्हीच करायचा, दुसऱ्या पोराच्या व्हॉट्सॲपवरून त्यांना कळता कामा नये.

टप्पा १०: शर्यत संपल्यावरचे दोन तास

सगळ्यांत आधी डोपिंग चाचणीची यादी बघा. शर्यत अर्धवट सोडलेल्याचंही नाव त्यात असू शकतं. तुमचा पोरगा कंटाळून टेम्पोत झोपलेला असतो आणि तिकडे त्याची वाट बघतात. चाचणीला त्याच्यासोबत जा, ओळखपत्र घेऊन जा, भरलेला फॉर्म त्याला वाचून दाखवा.

मग निकाल. फोटो काढा, नंबर जुळवा, हरकत घ्यायची मुदत टेक्निकल गाईडमध्ये दिलेली असते, ती संपायच्या आत बोला. प्रमाणपत्रावरचं नाव दहावीच्या दाखल्याशी तिथेच जुळवून घ्या. नंतर सुधारून आणायला दोन महिने आणि चार हेलपाटे लागतात.

खरचटलेल्या जागा पाण्याने आणि साबणाने धुवा, हळद चोपडू नका. पोरांना तासाभरात जेवू घाला. बिलं त्याच दिवशी वहीत चिकटवा, खजिनदाराला रात्रीच फोटो पाठवा.

बक्षीस कुणाला मिळालं नाही अशा शर्यतीनंतर लगेच चूक काढायला बसू नका. बुधवारी बसा. तोवर तुमचा राग उतरलेला असतो आणि पोरांनाही आठवलेलं असतं की पुढच्याचं चाक नेमकं कुठे सुटलं.

सायकली धुताना मेकॅनिकसोबत उभे राहा आणि स्पेअरची पिशवी स्वतः रिकामी करा. पंक्चर झालेल्या ट्यूबला तिथेच गाठ मारून वेगळ्या पिशवीत टाका, नाहीतर ती पुढच्या रविवारी नवी म्हणून बाहेर निघते.